खडा

भात खाताना दाताखाली खडा आला की जबडा आपोआप उघडतो. आपण ठरवून उघडत नाही. दाताच्या मुळाशी असलेल्या नसेला ठेच लागते, तिचा निरोप मेंदूच्या पार खालच्या भागात जातो आणि चावणारे स्नायू एकदम ढिले पडतात. तोंडातून 'अगं बाई' निघेपर्यंत हे सगळं होऊन गेलेलं असतं. दात वाचावेत म्हणून निसर्गाने केलेली ही सोय माणसाला आहे तशीच कुत्र्यालाही आहे.

फलटणच्या डॉक्टर मैथिली रणपिसेचं सगळं संशोधन या एवढ्याशा गोष्टीवर उभं होतं. ती जनावरांची डॉक्टर. गाई-म्हशींची बाळंतपणं करता करता तिने नसांचा अभ्यास केला आणि तांदळाच्या दाण्याएवढं एक यंत्र तयार केलं. कुत्र्याच्या कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्याशी ते कातडीखाली बसवायचं. कुत्र्याच्या गळ्यातल्या कॉलरवर लाल बटण. कुत्र्याने कुणाला धरलं आणि शेजारच्या कुणीही ते बटण दाबलं, की दाणा त्या नसेला बारीकसा झटका देणार, कुत्र्याला वाटणार दाताखाली खडा आला, आणि तोंड उघडणार. यंत्राचं अधिकृत नाव लांबलचक होतं. लोकांनी त्याला खडाच म्हणायला सुरुवात केली. 'तुमच्या कुत्र्याला खडा बसवला का?' असं सोसायट्यांच्या बैठकांत लोक विचारू लागले आणि मग नगरपालिकांनी बुलडॉगच्या कुळातल्या, विशेषतः बुल टेरियर जातीच्या कुत्र्यांना तो सक्तीचा केला.

याच कुत्र्यांना का, तर त्याला कारण होतं. यांच्या जबड्याला कुलूप लागतं, अशी लोकांची समजूत असते. तसं काही नसतं. यांचा जबडा इतर कुत्र्यांसारखाच असतो, फक्त सोडायची इच्छा नसते. इंग्लंडात पूर्वी बैलाला खुंटाला बांधून त्याच्यावर कुत्री सोडायचे. बैलाचं नाक धरून लोंबकळत राहील तो कुत्रा चांगला. धरून ठेवताना श्वास घेता यावा म्हणून नाक मागे सरकलेली, खालचा जबडा पुढे आलेली पिल्लं निवडत गेले आणि बुलडॉग झाला. पुढे कायद्याने बैलाचा खेळ बंद पडला. मग खेळवाल्यांनी बुलडॉगचा संकर चपळ टेरियरशी केला आणि कुत्र्यांनाच एकमेकांशी झुंजवायला लागले. त्यातून अंड्यासारख्या डोक्याचा, बारीक तिरक्या डोळ्यांचा बुल टेरियर आला. मूळचा बुलडॉग मात्र दिवाणखान्यातला होऊन इतका रुंद झाला, की त्याला धड श्वास घेता येईना आणि त्याच्या माद्यांना पोट फाडल्याशिवाय बाळंत होता येईना.

पण झुंजीच्या त्या धंद्यात एक गोष्ट नकळत चांगली झाली होती. ऐन झुंजीत कुत्र्यांना हाताने ओढून वेगळं करावं लागे. जो कुत्रा त्या वेळी माणसाला चावे, त्याला मालकच मारून टाकत. त्यामुळे पिढ्यानपिढ्या अशीच कुत्री उरली जी दुसऱ्या कुत्र्याचा जीव घेतील, पण माणसाच्या हाताला लोण्यासारखी राहतील. मैथिली भाषणांत सांगायची, "या जातीला एक ब्रेक जुन्या लोकांनी बसवला आहे, दुसरा मी बसवला."

रणधीर खराडेने दोन्ही ब्रेक काढले.

खराडेचा फार्म फलटणच्या बाहेर होता. उंच कुंपण, आत पांढरी कुत्री. तिथे झुंजी होतात हे गावाला माहीत होतं, पण कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. मैथिलीचा नवरा संदेश हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवायचा. तो रोज सकाळी त्यांच्या बिट्टीला, छोट्या पॉमेरियन कुत्रीला, घेऊन कालव्याकडेने फिरायला जाई. एके दिवशी फार्मचं दार उघडं राहिलं आणि एक बुल टेरियर कालव्यावर आला. तो आला होता बिट्टीच्या मागे. संदेशने बिट्टीला उचलून छातीशी धरलं. दुसरं कुणीही हेच केलं असतं. कुत्र्याने झेप घेतली, पण बिट्टीऐवजी त्याच्या तोंडात संदेशचा काखेजवळचा दंड आला.

कालव्यावर फिरायला आलेले दोघेजण धावले. त्यांनी कॉलरवरचं लाल बटण दाबलं. परत दाबलं. दाबतच राहिले. दिवा लागत होता, पण तोंड उघडत नव्हतं. मोठी रक्तवाहिनी फाटली होती. संदेश शेवटपर्यंत शुद्धीवर होता आणि 'मैथिलीला बोलवा, तिला येतं हे' असं म्हणत होता, असं त्या दोघांनी नंतर सांगितलं.

चौकशीला नेमलेल्या समितीपुढे खराडे इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला. "माझ्या कुत्र्याला खडा होता. रीतसर बसवून घेतलेला. बाईंचं यंत्र चाललं नाही, त्याला मी काय करू? मला मास्तरांचं फार वाईट वाटतं," तो म्हणाला.

कॉलर उजळली होती, पण आतला दाणा उत्तर देत नव्हता. तो बंद पडला होता, की कुणी कापून काढला होता? हे कुत्र्याची कातडी उघडून लगेच कळलं असतं. पण कुत्रा खराडेने त्याच दिवशी मारून जाळून टाकला होता. 'रागाच्या भरात' असं त्याचं म्हणणं. समितीकडे पुरावा नव्हता. यंत्र निकामी झालं असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असं त्यांनी नोंदवलं. वर्तमानपत्रांनी त्याचं 'खडा फसला' केलं. नगरपालिकांनी सक्ती मागे घेतली. नवऱ्याच्या वर्षश्राद्धाला आलेल्या बायकाही मैथिलीकडे ज्या नजरेने पाहत होत्या, ती तिला कळत होती. हिच्याच यंत्राने हिचं कुंकू पुसलं.

त्यानंतरची वर्षं मैथिली एकाच माणसाला धरून राहिली.

ती दवाखाना चालवी, जेवे, झोपे. पण डोकं खराडेपाशी असे. तिने त्याच्यावर तक्रारी केल्या. एकही टिकली नाही. गाडी घेऊन ती त्याच्या फार्मच्या वळणावर जाऊन थांबे आणि नुसती कुंपणाकडे बघत बसे. तो कसा मरावा याचे तिने इतके प्रकार मनात रचले होते की कधी कधी म्हशीला इंजेक्शन देताना तिच्या तोंडावर हसू येई आणि म्हशीचा मालक चपापे. आणि उरलेल्या वेळात ती नवा खडा तयार करत होती. हा कुणाला कापून काढता येणार नव्हता, कारण तो कुत्र्याच्या अंगात नसणारच होता. इस्त्रीच्या मुठीएवढं हातात धरायचं यंत्र. पुढच्या टोकाला तारेचं वेटोळं. ते कुत्र्याच्या कानाखाली टेकवून बटण दाबलं की चुंबकाचा झोत कातडीतून आत जाऊन त्याच नसेला गाठणार. कुठल्याही कुत्र्यावर चालेल असा हातखडा. गावातल्या गरीब कुत्र्यांच्या तोंडात लाकूड देऊन तिने तो तपासला होता. खऱ्या पकडीवर अजून नाही.

तिची मुलगी ओवी पुण्यात वकिलीची परीक्षा देऊन परतली होती. तिला घरात राहवेना.

"आई, बाबा गेले त्याला किती वर्षं झाली? तू त्यांचं नावसुद्धा घेत नाहीस. खराडेचं घेतेस. सकाळ-संध्याकाळ," ओवी एकदा जेवताना म्हणाली.

"मग काय करू? माफ करू?"

"माफ नको करूस. पण हे यंत्र तू बाबांसाठी करतेस की त्याच्यासाठी, एवढं तरी मला सांग."

मैथिलीने ताटातली भाजी इकडची तिकडे केली. "माहीत नाही," ती म्हणाली, आणि ते खरं होतं.

इकडे खराडेचा धंदा पुढे गेला होता. पिल्लं जन्मण्याआधीच त्यांची जनुकं निवडून घेणं एव्हाना सोपं झालं होतं. त्याने बुल टेरियरमध्ये राखणीची कुत्री मिसळली आणि नेमका तो माणसाबद्दलचा मऊपणाच निवडून बाहेर काढला. अंगाने, चिकाटीने जुना बुलडॉग, पण माणसावर जाणारा. 'रक्षक' असं नाव देऊन बंगलेवाल्यांना तो ही कुत्री विके. खडा अर्थातच नाही.

एका दुपारी मैथिली दवाखान्यात असताना फोन वाजला. पलीकडे बाईचा आवाज होता, धाप लागलेला.

"डॉक्टरताई, मी पद्मजा खराडे. फोन ठेवू नका हो. यांचा हात धरलाय कुत्र्यानं. सोडतच नाही. पाणी मारलं, काठी घातली दातांत, मिरची टाकली. मारलं की जास्तच झिंजाडतो. सरकारी डॉक्टर शिबिराला गेलेत. तुमच्याकडं यंत्र आहे म्हणतात..."

मैथिलीने फोन ठेवला. ओवी समोरच्या खुर्चीत बसली होती. आईचा चेहरा पाहून ती उठून उभी राहिली.

"काय झालं?"

"गाडी काढ," मैथिली म्हणाली. कपाटातून तिने हातखडा घेतला.

वाटेत ओवीने दोनदा विचारलं, "वाचवणार ना त्याला?" मैथिलीने दोन्ही वेळा 'लवकर चालव' एवढंच म्हटलं.

पुण्याहून आलेल्या गिऱ्हाइकाला खराडे कुत्रा दाखवत होता. कुत्रा कसा पेटतो हे दाखवायला त्याने त्याला छडी मारली, आणि कुत्रा छडीऐवजी छडीच्या मागच्या हातावर आला. मैथिली पोचली तेव्हा खराडे पिंजऱ्याच्या भिंतीला टेकून बसला होता. पाय पसरलेले, पँट ओली. उजवा हात कोपराखाली कुत्र्याच्या तोंडात. कुत्रा झिंजाडत नव्हता. तो धन्याच्या मांडीशेजारी आरामात पडला होता, मागे सरकलेल्या नाकाने संथ श्वास घेत होता आणि त्याची शेपटी जमिनीवर हळूहळू आपटत होती. हाताची बोटं जांभळी पडली होती. जाळीबाहेर फार्मवरची माणसं, ते गिऱ्हाईक आणि शेजारचे शेतकरी उभे होते. कित्येकांच्या हातात फोन होते आणि फोन चालू होते.

"ताई," खराडे म्हणाला. "आलात. देव पावला."

मैथिली जाळीचं दार उघडून आत गेली. कुत्र्याने डोळे तेवढे फिरवले. ती उकिडवी बसली, यंत्र चालू केलं, टोक त्याच्या कानाखाली टेकवलं. यंत्रावरचा हिरवा दिवा लागला. तिचा अंगठा बटणावर होता.

"खराडे," ती म्हणाली, "संदेशला धरलं होतं त्या कुत्र्याचा खडा कुठे गेला?"

"आं?"

"कुठे गेला?"

"मला... मला काय माहीत! बंद पडला होता तो. ताई, आधी हे सोडवा, मग काय ते बोलू."

मैथिलीने यंत्र उचललं आणि मागे घेतलं.

"आई!" जाळीबाहेरून ओवी ओरडली.

तेवढ्यात कुत्र्याने पकड बदलली, थोडी वर, आणि आतून काहीतरी मोडल्याचा आवाज आला. खराडे किंचाळला. पद्मजा जाळीला धरून खाली बसली.

"काढला!" खराडे म्हणाला. "मी काढला. मीच."

"मोठ्याने."

"मी काढला! ब्लेडनं कापून काढला मी. झुंजीत समोरची माणसं बटण दाबायची, कुत्रं सोडून द्यायचं. सगळ्यांचेच काढलेत मी. मास्तरांचं... तुमचं यंत्र चांगलं होतं ताई. मी खोटं बोललो. ऐकलं का सगळ्यांनी? मी खोटं बोललो! आता सोडवा."

सगळ्यांनी ऐकलं होतं. इतकी वर्षं मैथिली ज्या वाक्यासाठी जगत होती ते तिला मिळालं होतं, तेही भर दुपारी, चारचौघांत. तिने यंत्र पुन्हा कुत्र्याच्या कानाखाली टेकवलं. हिरवा दिवा लागला. अंगठा बटणावर आला आणि तिथेच राहिला.

तिला वाटलं होतं की हे ऐकलं की संपेल. पण संपलं नाही. उलट तिच्या डोळ्यांपुढे कालवा आला, ते दाबलं जाणारं बटण आलं, 'मैथिलीला बोलवा' आलं. संदेशने वाट पाहिली होती. किती पाहिली होती हे तिला माहीत होतं, कारण वैद्य म्हणून तिला ते काढता येत होतं, आणि तिने ते काढलेलं होतं. याने अजून तेवढी पाहिली नव्हती.

"ताई, सांगितलं की हो त्यांनी सगळं!" पद्मजा रडत होती. "आता काय राहिलं?"

खराडे तिच्याकडे बघत होता. आधी त्याच्या डोळ्यांत विनवणी होती. मग हळूहळू त्याला उमगलं की बाई दाबणार नाही. ते उमगणं मैथिलीने त्याच्या चेहऱ्यावर उतरताना पाहिलं आणि तिला बरं वाटलं. उन्हातून आल्यावर माठातलं पाणी प्यावं तसं. ओवी आत आली होती, तिच्या खांद्याशी उभी होती, पण तिला हात लावत नव्हती. "आई, बास," ती हलक्या आवाजात म्हणत होती. "आई. बास."

मग खराडेची मान कलली. डोळे वर गेले. तो बेशुद्ध पडला. आता त्याला काहीच कळत नव्हतं, दुखत नव्हतं, भीती वाटत नव्हती. त्याला धरून ठेवण्यात काही उरलं नाही.

मैथिलीने बटण दाबलं.

कुत्र्याचं तोंड तत्क्षणी उघडलं. जीभ आत-बाहेर करत, काय लागलं दाताला म्हणून तो बावळटासारखा इकडे तिकडे बघायला लागला. खराडेचा हात निसटून जमिनीवर पडला. आणि तशाही वेळी मैथिलीच्या मनात पहिला विचार आला तो हा की चालला. खऱ्या पकडीवर चालला. ओवीने आपली ओढणी खराडेच्या दंडाला आवळून बांधली तेव्हा कुठे मैथिली भानावर आली.

खराडे जगला. हात कोपरापासून काढावा लागला.

त्याची कबुली गावोगाव फोनांवर फिरली, पण कोर्टात तिचा उपयोग नव्हता. जिवाच्या भीतीने घेतलेली कबुली पुरावा धरत नाहीत. ओवीने आईला हे कायद्याच्या भाषेत समजावून सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी ती पुण्याला मैत्रिणीकडे राहायला गेली. खराडेवर काहीच झालं नाही. झालं ते मैथिलीवर. उपचार हातात असताना जाणूनबुजून थांबवल्याचा ठपका आला, पोलिसात गुन्हा, आणि डॉक्टरकी राहणार की जाणार यासाठी पुण्यात चौकशी.

चौकशीचे अध्यक्ष वयस्कर गृहस्थ होते, बोलायला सौम्य. व्हिडिओ त्यांनी पाहिला होता. मैथिलीबद्दल त्यांना कणव वाटत होती हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं.

"डॉक्टर, यंत्र तुम्ही दोनदा टेकवलंत," ते म्हणाले. "हे प्रयोगातलं यंत्र. ते तापायला, झोत तयार व्हायला काही वेळ लागत असेल. कदाचित पहिल्यांदा नीट चालू झालं नसेल. तसं असेल तर मधल्या वेळाचा खुलासा होतो. मी तुम्हाला स्पष्ट विचारतो. यंत्राने दगा दिला का?"

मैथिलीच्या वकिलाने मान किंचित हलवली. 'हो' म्हणा, असा त्याचा अर्थ. कालच त्याने तिला समजावलं होतं की या एका 'हो'ने डॉक्टरकी राहील, गुन्हाही पातळ होईल. समोरच्या बाकावर खराडे बसला होता. पांढऱ्या शर्टाची एक बाही पिनेने वर लावलेली. तोही पुढे झुकून ऐकत होता. त्यालाही 'हो' हवा होता. बाईंचं यंत्र तेव्हाही चाललं नाही, आताही चाललं नाही, हे मग तिच्याच तोंडून ठरलं असतं. शेवटच्या रांगेत ओवी बसली होती. ती येणार हे मैथिलीला माहीत नव्हतं.

"नाही," मैथिली म्हणाली.

"नीट विचार करून सांगा."

"यंत्र पहिल्या क्षणापासून तयार होतं. हिरवा दिवा लागतो तेव्हा ते तयार असतं, व्हिडिओत तो दिसतो. दाबलं तेव्हा पकड त्याच क्षणी सुटली, तेही दिसतं. यंत्राने कुठेही दगा दिलेला नाही. आताही नाही आणि तेव्हाही नव्हता."

"मग मधला वेळ?"

"मी दाबलं नाही."

वकिलाने डोळे मिटून घेतले.

"कबुलीसाठी?"

"आधी कबुलीसाठी. ती मिळाल्यावर मग नुसतंच." ती खराडेकडे बघून बोलत होती. "माझ्या नवऱ्याने जेवढी वाट पाहिली तेवढी यांनी पाहावी, असं मला वाटलं. तेवढी झाली नाही. त्याआधीच हे बेशुद्ध पडले."

खराडेने मान खाली घातली. अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, आणि लेखनिकाला हलक्या आवाजात 'जसंच्या तसं लिहा' म्हणून सांगितलं.

डॉक्टरकी त्याच दिवशी गेली. गुन्ह्याचा खटला उभा राहणार हेही नक्की झालं. पण निकालाच्या अखेरीस एक परिच्छेद होता. यंत्र निर्दोष असल्याचं खुद्द संशोधक स्वतःच्या नुकसानीची पर्वा न करता सांगत असल्याने त्यावर अविश्वास दाखवण्याचं कारण नाही, आणि हातखडा प्रत्येक दवाखान्यात व पोलीस चौकीत असावा, अशी शिफारस. खाली मैथिलीचं नाव होतं, पण नावाआधी डॉक्टर नव्हतं.

परतताना गाडी ओवीने चालवली. सासवड गेलं, जेजुरी गेली.

"'हो' म्हणाली असतीस तर सुटली असतीस," ओवी शेवटी म्हणाली.

"आणि तो म्हणाला असता, बघा, मी म्हणत नव्हतो?"

ओवीने पुढच्या ट्रकला वाट दिली. "एक विचारू? खरं सांग. पुन्हा तशीच वेळ आली तर?"

मैथिलीने खिडकीबाहेर पाहिलं. उसाच्या शेतात कुणीतरी पाचट पेटवलं होतं आणि धूर रस्त्यावर येत होता. मुलीला बरं वाटेल असं उत्तर तिच्या जिभेवर आलं होतं. ते तिने गिळलं.

"दाबेन," ती म्हणाली. "पण तो बेशुद्ध पडल्यावरच."

नीरेच्या पुलापाशी ओवीने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, उतरली आणि कठड्याला टेकून पाण्याकडे बघत उभी राहिली. मैथिली आतच बसून राहिली. तिने हाक मारली नाही. पुलावरून गाड्या जात होत्या, एका टेम्पोने हॉर्न वाजवला. बऱ्याच वेळाने ओवी परत आली. डोळे पुसलेले होते. तिने दार ओढून घेतलं, आईकडे न बघता 'बेल्ट लाव' म्हणाली, आणि गाडी सुरू केली.